दर्याने नेला

मुलांनो, तुम्ही सुट्टीत आलात की कुणीतरी सांगेलच, मासळी विकणाऱ्या पार्वतीमावशीच्या रघूला दर्याने नेलं. म्हणून आधीच लिहिते.

आमच्या बंदरावर बुडालेल्याला कुणी मेला म्हणत नाही, 'दर्याने नेला' म्हणतात. शब्द मायेचा आहे, त्यात कुणाला दोष नसतो. पण रघू बुडाला नव्हता. त्याच्या डोक्यात मागून कोयत्याचा घाव होता आणि प्रेत भरतीच्या रेषेच्या वर, सुक्या वाळूत पडलं होतं. पोलीस आले, चौकशी करून गेले. खुनी सापडला नाही. मग हळूहळू गावाने तो मायेचा शब्द रघूवरही पांघरला.

आज बाजारात गावातली एक नवी सून कळवळून म्हणाली, "मावशी, तुमच्या मुलाला दर्याने नेलं ना?"

पार्वतीने सुरी खाली ठेवली. "दर्यान नाय गो व्हेलो. मारलो तेका. दर्याच्या हातात कोयतो असता काय?"

शेजारची कोळीण कुजबुजली, "गप गे, गिऱ्हाईक जायत."

"जांव दे."

सगळे पापलेटं निरखू लागले. खून म्हटला की खुनी आला, आणि छोट्या गावात तो कुणाचा तरी जावई किंवा भाऊ निघतो. समुद्र कुणाचाच नातेवाईक नाही, म्हणून आम्ही सगळं त्याच्या माथी मारतो आणि संध्याकाळी त्याच्याच काठावर फिरायला जातो.

आता तपास बंद आहे, साक्षीदार कुणी उरलेला नाही. पार्वती आहे, आणि ती अजून 'मारलो' म्हणते.