मनगट धरणारे भावजी

पार्थ, वाईच जवळ ये बघू. पुण्यात असलास म्हणून काय झालं, लक्ष तरी इकडे दे. आरशासमोर उघड्या अंगानं उभा राहून फोटो काढलास, मला पाठवलास आणि खाली लिहिलंस की आजी, वर्षभर जिममध्ये मरतोय पण दंड काही भरत नाहीत, आता मित्र सांगतो ती इंजेक्शनं घेऊन बघतो. हे असं आजीला कळवतात होय रे मेल्या, भाजी आणायला चाललो सांगावं तसं? आधी विचारलं असतंस तर भावजींची गोष्ट तेव्हाच सांगितली असती. आता ऐक, आणि पुरी ऐकल्याशिवाय त्या मित्राकडे जाऊ नकोस.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. तू लहान होतास तेव्हाच ते गेले. त्यांची एक सवय साऱ्या रत्नागिरीला ठाऊक होती. समोर तरणा पोर आला की त्याचा नमस्कार व्हायच्या आत ते त्याचं मनगट धरायचे. अंगठा आणि मधलं बोट मनगटाभोवती वळवायचे, टोकं एकमेकांवर चढतात, नुसती टेकतात की मध्ये फट राहते ते बघायचे, आणि मग विचारायचे, "आजोळ कुठलं रे तुझं?" एकदा बँकेत नवीन आलेल्या कारकुनाचा हात त्यांनी खिडकीतूनच पकडला. तो बिचारा घाबरून साहेबाकडे बघायला लागला. लोक म्हणत, हे व्यायामशाळेचे मास्तर पोरांच्या सोयरिकी जुळवतात की काय.

पण ही सवय त्यांना जन्माची नव्हती. ती कशी लागली, तेच तुला सांगायचंय.

भावजींची चौकटच दांडगी. खांदे असे की दारातून जरा तिरपे होऊन आत यायचे, मनगट वरवंट्याएवढं. तरुणपणी चार महिने जोरबैठका काढल्या आणि अंग असं भरलं की सदरे उसवले. त्यांना वाटलं, ही सगळी आपल्या घामाची कमाई. घरामागच्या पडवीत त्यांनी व्यायामशाळा काढली आणि दारातच एक जांभ्याचा चिरा ठेवला. जो तो चिरा खांद्यावर घेईल त्यानं आत यावं, बाकीच्यांनी घरी जाऊन पेज प्यावी. त्यांचं एक वाक्य ठरलेलं, "घाम खरा असेल तर दंड भरतोच. नाही भरला, तर घाम खोटा."

आणि देवाची करणी बघ, त्यांच्या पोटी नितीन आला. तुझा नितीनकाका रे. तो गेला सगळा आईवर. माझी जाऊ शालन पूर्णगडची. तिचे भाऊ पोफळीसारखे उंच आणि सडसडीत. दिवसभर जाळी ओढतील, पण अंगावर बोटभर मांस दिसायचं नाही. नितीन त्याच हाडाचा. पहाटे उठून सगळ्यांच्या आधी पडवीत जायचा, सगळ्यांच्या मागून बाहेर यायचा. आम्ही कुळथाची पिठी, अंडी, केळी, काय काय भरवलं त्याला. ताकद आली, चिरा उचलायला लागला, पण दंड होता तसाच. चिऱ्याच्या खाणीवरचा दिलीप त्याच्यामागून आला आणि पावसाळा सरायच्या आत त्याच्या बाह्या तटतटल्या. दिलीपचा बापही तसाच आडवा होता, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. जेवायला बसलं की भावजी हात पुढे करून नितीनचा दंड चाचपायचे आणि हात मागे घ्यायचे. पोराचा घास तोंडातच राहायचा. खोटा घाम, खोटा घाम, हे ऐकून ऐकून तो घरात मान वर करीनासा झाला.

मग तो गावातल्या दुसऱ्या जिममध्ये जायला लागला, आणि काही महिन्यांत फुगला. दंड, छाती, मान, सगळं. भावजींना आभाळ ठेंगणं झालं. त्याला बाजारपेठेतून मिरवत नेलं. मला म्हणाले, "वहिनी, आमचं रक्त उशिरा जागं झालं, पण झालं." शालन मात्र विहिरीवर माझ्याशी कुजबुजायची. त्याच्या पाठीवर पुटकुळ्या उठल्यात, तोंड सुजल्यासारखं दिसतंय, साधं जेव म्हटलं तरी अंगावर येतो. म्हणायची, हा माझा मुलगा नव्हे.

चिपळूणला शरीरसौष्ठवाची स्पर्धा ठरली. आदल्या दिवशी दुपारी शालन धावत माझ्याकडे आली, पायात चपलाही नव्हत्या. नितीननं कालपासून पाणी तोडलं होतं, कारण कातडी आवळून नसा वर दिसाव्या लागतात. आणि आता त्याला लघवी झाली होती ती कोकमाच्या आगळासारखी लालकाळी. मी तांब्या घेऊन गेले तर तो ओटीवर आडवा पडलेला, ओठ फुटलेले, पायांत गोळे येत होते. भावजी माझ्या वाटेत उभे राहिले. म्हणाले, "उद्यापर्यंत पाणी नाही, वहिनी. एवढं सोसायला छाती लागते." मी काही बोलायच्या आत, बापाचा शब्द राखायला म्हणून नितीन उठायला गेला आणि धाडकन कोसळला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. तेव्हा कुठे भावजी हलले.

रिक्षात त्याचं डोकं शालनच्या मांडीवर होतं. भावजी पुढे रिक्षावाल्याशेजारी, मागे वळून बघत नव्हते.

दवाखान्यात डॉक्टर बाई होत्या, वयानं लहानच. त्यांनी सुई टोचली, सलाईन लावलं आणि विचारलं, काय काय घेतोस? नितीननं बापाकडे बघितलं आणि म्हणाला, "काही नाही. नुसता घाम." बाईंनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. बाई आम्हाला बाजूला घेऊन म्हणाल्या की मूत्रपिंडं बंद पडत चाललीत, पोटात आणि रक्तात काय गेलंय ते कळलं नाही तर मी अंधारात दगड मारतेय, आणि वेळ जातोय. शालन रडत नव्हती, नुसती पदराचं टोक पिळत होती. भावजींनी बाहेर जावं म्हणजे पोरगा बोलेल, असं बाईंनी सुचवलं. ते गेले नाहीत. खाटेशी स्टुलावर बसले आणि नाडी बघावी तसं त्याचं मनगट धरलं.

अंगठा मधल्या बोटावर चढला. चांगला पेरभर चढला.

ते तसेच बघत राहिले. वर मांडीएवढा दंड आणि खाली पूर्णगडचं मनगट. जन्मात पहिल्यांदा त्यांनी ते मनगट हातात घेतलं होतं. आजवर दंडच चाचपत आले होते ना! मी त्यांचा चेहरा बघत होते.

"नितीन, हाड तुझ्या आईचं आहे रे. त्याच्यावर मी माझं मांस मागत होतो. तुझा घाम खरा होता. आता सांग, काय घेतलंस?"

पोरानं डोळे मिटले आणि सांगितलं. मांडीत घ्यायची इंजेक्शनं, अंगातलं पाणी काढायच्या गोळ्या, कुणी दिल्या, किती घेतल्या, सगळं. बाईंनी लिहून घेतलं आणि धावल्या.

पुढे कितीतरी दिवस यंत्रावर त्याचं रक्त धुतलं जात होतं. आज लघवी झाली का, एवढंच आम्ही एकमेकींना विचारायचो. जगला पोरगा. ते फुगलेलं सगळं उतरलं आणि आमचा सडसडीत नितीन घरी आला. दुसऱ्याच दिवशी भावजींनी दारातला चिरा उचलून विहिरीपाशी नेऊन टाकला. शालन त्यावर कपडे धुवायची, आणि धुताना ते जरा जास्तच जोरात आपटायची.

तेव्हापासून पडवीत येणाऱ्या प्रत्येकाचं आधी मनगट. बारीक हाडाच्या पोराला ते परत पाठवत नसत हो. उलट जवळ बसवून सांगत, "मांस तुलाही चढेल, पण सावकाश चढेल आणि तुझ्या मापाचं चढेल. हापूस फणसाएवढा झाला नाही म्हणून झाडाला शिव्या घालतो का कुणी?" आणि रुंद हाडाचा, चार दिवसांत फुगलेला कुणी ऐटीत फिरायला लागला की म्हणत, "माज करू नको. अर्धं तुझ्या बापानं करून ठेवलंय."

जाताना भावजी अंथरुणाला खिळले होते. अंगावरचं सगळं मांस उतरलेलं. नितीन उशाशी बसला होता. काय वाटलं त्याला कोण जाणे, त्यानं बापाचं मनगट धरलं आणि बोटं वळवली. फट राहिली. एवढ्या आजारपणानंतरही बोटं जुळली नाहीत. भावजींनी डोळे किलकिले केले आणि हसले. "बघ," म्हणाले, "माझी कमाई कुठली? हे तर मी येतानाच घेऊन आलो होतो."

आता पडवी नितीन चालवतो. अंगानं तुझ्यासारखाच, काडी. पण खाणीवरची पोरं त्याचं ऐकतात.

तुझ्या फोटोत मी दंड बघितलेच नाहीत, पार्थ. चष्मा लावून मनगट बघत होते. फोटोवरून काही कळत नाही रे, हातात धरावं लागतं. त्या मित्राला सांग, मला आजीनं बोलावलंय. या शनिवारची गाडी पकड आणि ये. नितीन वाट बघतोय, आणि मीही.