रिकाम्या जागा पाहणारे पाळकबाबा

आमच्या चर्चच्या पाळकबाबांची नजर रविवारी भरलेल्या बाकांवर कधी नसे. उपासनेत ते रिकाम्या जागा पाहत आणि सोमवारी सायकल काढून त्या त्या घरी जात. "आलेल्यांस्नी काय बघायचं, बाई? ती आल्यात की," असं मला म्हणत. सांगलीत आयुष्य गेलं, तरी त्यांची कडेगावकडची बोली सुटली नाही.

बाळांनो, तुमचे आजोबा गेले तेव्हा देवावर रुसून मी चर्चला जाणं सोडलं होतं. बाबा आले, चहा मागितला, बायबल उघडलंच नाही. उठताना म्हणाले, "रुसा की. पन तितं बसून रुसा." पुढच्या रविवारी मी माझ्या जागेवर बसून रुसले.

कापणीच्या सणाच्या जेवणाला आमच्या चर्चच्या मंडळीच्या सेक्रेटरींनी बाबांसाठी पांढरं कापड घातलेली खुर्ची पुढे मांडली. बाबांनी ती उचलून चुलीपाशी नेली आणि भाकरी थापणाऱ्या बाईंना दिली. "सकाळधरनं उभ्या हायत." सेक्रेटरींना ते लागलं.

निवृत्तीनंतर बाबा पडले, खुब्याचं हाड मोडलं. त्यांनी एकच मागितलं, प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घरी मिळावा. नव्या पाळकांकडे तीन चर्चच्या मंडळ्या. त्यांना इथे कुणाकडे न्यायचं ते सेक्रेटरी ठरवत. मी दर वेळी विचारायची. "कापणीचा सण होऊ द्या." मग, "कमिटीची निवडणूक होऊ द्या." मग, "नाताळची गडबड आहे, बाई." चर्चपासून बाबांचं घर हाकेच्या अंतरावर होतं. प्रभुभोजनाच्या प्रत्येक रविवारी ते खाटेजवळच्या स्टुलावर धुतलेलं कापड अंथरून वाट पाहत.

शेवटी मी चिडून म्हटलं, "तुम्ही स्वतः पाळक आहात. भाकर, द्राक्षारस मी आणते. तुम्हीच आशीर्वाद मागून घ्या."

"न्हाई बाई. आपल्या हातानं घेतलं तर ते नुसतं जेवान. मंडळीनं आनून द्याया पायजे."

मंडळीने दिलं नाही. नाताळच्या आधीच बाबा गेले.

स्मरणसभेला फाटकावर फ्लेक्स लागला, "आदर्श मेंढपाळ". त्यावर सेक्रेटरींचा फोटो बाबांच्या फोटोहून मोठा. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, पुढाऱ्याने असं नम्र असावं, यावर ते बराच वेळ बोलले. मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं.

"प्रभूने पाय धुतले ते जिवंत माणसांचे," मी म्हणाले. "या मेंढपाळाला त्याच्या मंडळीने घोटभर द्राक्षारस दिला नाही. ज्यांनी तो अडवला, ते पुढच्या खुर्चीत बसले आहेत." आणि मी खाली बसले.

पुढच्या रविवारी सेक्रेटरींची जागा रिकामी होती. त्याच्या पुढच्याही. "बरी जिरली," बायका म्हणाल्या. मलाही तसंच वाटत होतं. पण उपासनाभर माझी नजर त्या जागेवरून हलेना. बाबांनी लावलेली खोड.

सोमवारी रिक्षा करून गेले. सेक्रेटरींनीच दार उघडलं. "आता काय बोलायचं राहिलंय, बाई?"

"काही नाही," मी म्हणाले. "चहा टाका."

राग गेला नव्हता. तो घेऊनच मी आत जाऊन बसले.