इंदुताईंची पाखरं आणि देवरावांचा कूलर

नागपूरच्या सक्करदऱ्यात नुसतं 'देवराव ढोबळे' म्हणून विचारलं तर लोक डोकं खाजवतात. 'कूलरवाले देवराव' म्हटलं की मात्र घरापर्यंत आणून सोडतात. बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात त्यांनी उमेदीची वर्षं पंखे, पंप आणि मोटारी दुरुस्त करण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर तीच विद्या घेऊन ते गल्लोगल्ली कूलर दुरुस्त करू लागले. मार्च लागला की त्यांचा फोन जो वाजायला लागतो, तो जून उजाडेपर्यंत थांबत नाही. हात चांगला, बोलणं गोड, व्यवहार सरळ. दोष म्हणावा तर एकच होता. देवरावांच्या हातून कधी चूक होत नसे.

म्हणजे होत असे, पण ती त्यांची नसे. मोटार जळाली तर व्होल्टेजचा दोष, पंप बसला तर पाण्यातल्या क्षारांचा, आणि पंखा उलटा फिरला तर वायर जोडणाऱ्याचा. त्यांचे शेजारी नत्थूजी म्हणत, "मे महिन्यात नागपुरात गारा पडल्या हे मी आयकलं हाये. पन देवराव चुकला, हे जल्मात नाई आयकलं."

असल्या माणसाच्या घरी बटेर पाळले जातील असं कुणाला वाटलं नसतं. त्यांना तर मुळीच नाही. काटोलकडच्या एका संत्रावाल्यानं विहिरीवरचा पंप चालू करून दिल्याच्या खुशीत त्यांना एक खोकं दिलं होतं. आत सात बटेर, लाव्याच्या जातीची पाखरं. "झनझनीत रस्सा करा," म्हणाला. देवरावांनी वाटेत गाडी थांबवून मसाला घेतला. घरी आल्यावर त्यांच्या बायकोनं, इंदुताईंनी, खोक्याचं झाकण उघडलं, तर त्यांच्या डोळ्यांसमोर एका मादीनं ठिपक्याठिपक्याचं इवलंसं अंडं घातलं.

"अगं माय!" इंदुताई म्हणाल्या. "बाळंतीन आहे हे त. अन् तुमी बाळंतिनीले कापता काय?"

मसाला त्या दिवशी वांग्यात गेला. बटेर पिंजऱ्यात गेले आणि पिंजरा बैठकीत आला.

मुलगा अनिश पुण्याला नोकरीला गेल्यापासून घर दुपारी अगदी गप्प असे. आता इंदुताईंना बोलायला माणसं मिळाली. सगळ्यांवर दादागिरी करणाऱ्या एका मादीचं नाव त्यांनी आत्याबाई ठेवलं. नर एकच होता. तो नुसता खायचा आणि ओरडायचा, म्हणून तो जावईबापू. इंदुताई तळहातावर बाजरी आणि राळं घेऊन बसत आणि पाखरं त्यांच्या बोटांवर चढून जेवत. देवराव तोंडानं "काय लाड चालले" म्हणत, पण घरात शिरल्यावर चपला काढायच्या आधी नजर पिंजऱ्याकडेच जाई.

गेल्या मे महिन्यात ऊन असं तापलं की पाखरं चोची उघडून धापा टाकू लागली. देवरावांना ते बघवेना. त्यांनी पिंजरा उचलला आणि थेट कूलरपुढे नेऊन ठेवला. हा कूलर त्यांनी स्वतः बांधलेला, लोखंडी, कपाटाएवढा. त्याच्या हवेत बसलं की माणूस शाल मागतो, असं ते सांगत. गल्लीतलं एक मांजर खिडकीशी घुटमळायला लागलं होतं, म्हणून खिडकीही त्यांनी घट्ट लावून घेतली. पाखरं गार हवेत निवांत बसली. आपण काहीतरी फार चांगलं केलं, या समाधानात देवराव कामावर गेले.

थोड्याच दिवसांत जावईबापूंचं ओरडणं बंद झालं. मग एकेक पाखरू पिसं फुलवून, डोळे मिटून कोपऱ्यात बसायला लागलं. श्वास घेताना चोच उघडायची आणि शेपटी खालीवर व्हायची. इंदुताईंनी जास्त आजारी वाटत होती ती दोन वेगळ्या खोक्यात ठेवली. हळदीचं पाणी केलं, तुळशीचा रस केला, देवापुढे निरांजन लावलं. तरी एका सकाळी आत्याबाई पाय ताठ करून पडलेल्या सापडल्या. इंदुताई पदर तोंडाला लावून तिथेच बसल्या.

देवरावांनी मेलेलं पाखरू एका डब्यात घेतलं, आजारी दोन्ही खोक्यासकट पिशवीत घातली आणि स्कूटर काढली. बाकीच्यांपाशी कुणीतरी हवं म्हणून इंदुताई घरीच राहिल्या.

जनावरांच्या दवाखान्यात गुंजन नावाच्या तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आत्याबाईंना उघडून पाहिलं आणि देवरावांना जवळ बोलावलं. फुप्फुसावर राजगिऱ्यासारखे पिवळट दाणे उठले होते.

"बुरशी आहे ही, काका. श्वासातून आत गेलीय. दाणा ओलसर झाला होता का? की पिंजऱ्याजवळ काही जुनं, ओलं गवत वगैरे आहे?"

जुनं, ओलं गवत. देवरावांच्या डोळ्यांपुढे घरचा कूलर उभा राहिला. कूलरच्या बाजूंना लावायच्या ताटीत भरतात ते गवतच, आणि ते दिवसभर ओलंच असतं. दर वर्षी ताट्या बदला, खिडकी उघडी ठेवा, नाहीतर दमट हवा घरातच कोंडते, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला ते जीव तोडून सांगत. स्वतःच्या कूलरच्या ताट्या केव्हा बदलल्या होत्या, ते त्यांना आठवेना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पण त्यांची जीभ आयुष्यभराच्या सवयीनं आपली आपणच वळली.

"दाना असंल," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं. पाखरं कोरड्या, मोकळ्या हवेत ठेवा, ओलं असेल ते सगळं काढून टाका, काही वाचतील, काहींचं सांगता येत नाही, म्हणाल्या.

इंदुताई दारातच उभ्या होत्या. "काय म्हने डॉक्टरीन?"

"दान्याले बुरशी लागली असंल म्हने," देवराव म्हणाले आणि हात धुवायला मोरीत गेले.

स्वयंपाकघरात जाऊन इंदुताईंनी दाण्याचा डबा वर्तमानपत्रावर उपडा केला. मूठ मूठ उचलून नाकाशी नेली. वास येत नव्हता, जाळी धरली नव्हती. "मीच पाखडून नाई देल्लं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "मीच आळस केला." सगळा दाणा त्यांनी फेकून दिला आणि नवा आणायला भर उन्हात बाजारात गेल्या.

त्या वळणाआड होताच देवरावांनी कूलर उघडला. ताटी हातात आली आणि तिच्याबरोबर कुबट भपकारा. गवत आतून काळंभोर झालं होतं. त्यांनी सगळ्या ताट्या बाहेर काढल्या. मग गिऱ्हाइकांसाठी आणून ठेवलेल्या नव्या ताट्या बसवल्या, टाकी घासून धुतली, खिडकी उघडून तिला जाळी ठोकली आणि पिंजरा झोतातून बाजूला सरकवला. जुन्या ताट्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे ढकलून दिल्या. इंदुताई परतल्या तेव्हा ते पेपर वाचत होते. भर सीझनमध्ये हा माणूस दुपारी घरी पेपर कसा वाचतो, हे एरवी त्यांच्या नजरेतून सुटलं नसतं.

आणखी एक पाखरू गेलं. उरलेली मात्र हळूहळू सावरली. आधी डोळे उघडले, मग दाण्याकडे वळली, आणि एका पहाटे जावईबापूंनी असा सूर लावला की नत्थूजी भिंतीपलीकडून ओरडले, "बरे झाले वाटते पाहुने!" देवरावांना इतका आनंद झाला की त्यांनी स्वतः उठून चहा टाकला.

पण इंदुताई पिंजऱ्याजवळ येईनात. "तुमीच टाका दाना," म्हणायच्या आणि दुरूनच बघायच्या. पाखरं तारेशी येऊन त्यांच्याकडे माना वळवत, तशा त्या आत निघून जात. पोळ्यांची कणीक मळण्याआधीही दोनदोनदा हुंगून पाहू लागल्या. देवराव हे सगळं बघत होते आणि उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत होते.

एका सकाळी इंदुताई काटोलला बहिणीशी फोनवर बोलताना त्यांनी ऐकलं. "यमे, रविवारी येशीन त पाखरं घेऊन जाय वं. तुह्या आंगनात राहतीन. माह्या हातून नको आता. दोन जीव गेले माह्या हातानं."

देवराव पायात चपला घालत होते. एका गिऱ्हाइकाचा पंप बंद पडला होता, तिकडे जायचं होतं. चपला घालून ते दारापर्यंत गेलेही. मग माघारी फिरून जिना चढले आणि टाकीमागची ताटी काढून आणून इंदुताईंच्या पुढ्यात ठेवली.

"हे काय आनलं?" इंदुताई म्हणाल्या.

"दाना चांगला होता," देवराव म्हणाले. "हे होतं. आपल्या कूलरमधलं. डॉक्टरीनबाईनं दोन्हीबी इचारलं होतं, दाना का गवत. मी दाना म्हनलो."

इंदुताईंनी वाकून काळं गवत बोटांनी उकललं, दाणा हुंगला होता तसंच ते हुंगलं आणि हात मागे घेतला. देवराव बोलणी खायच्या तयारीनं उभे होते.

"तुमी काय जानून थोडी मारले," इंदुताई शांतपणे म्हणाल्या. "पाखरांच्या मायेनंच ठेवलं होतं तिथं."

देवरावांनी श्वास सोडला. तो त्यांनी जरा लवकरच सोडला.

"पन मी इतके दिवस सोताले कोसून राहिली होती," इंदुताई म्हणाल्या, आणि आता त्यांच्या डोळ्यांतून धार लागली. "ते तुमी रोज पाहून राहिले होते. जेवत होते, झोपत होते, अन् पाहून राहिले होते. हे काहून केलं तुमी?"

इंदुताईंनी डोळे पुसले, डब्यातून मूठभर बाजरी घेतली आणि देवरावांकडे पाठ करून पिंजऱ्याचं दार उघडलं. पाचही पाखरं हातावर तुटून पडली.

"चुकलं माहं," देवराव मागून पुटपुटले.

"मोठ्यानं बोला," इंदुताई म्हणाल्या. "मले आयकू नाई आलं."