खुरावरची ओळख

नालबंदानं आपल्या थोरल्या लेकीला घोड्यांच्या जाती खुरांवरून शिकवल्या. "तोंड काय बघतेस? खूर बघ, खूर खोटं बोलत नाही," म्हणून खेकसायचा. अरबी घोड्याचा खूर लहान नि टणक, गाडीच्या घोड्याचा बशीएवढा पसरट, डोंगरी तट्टूचा अरुंद. पोरीला सगळं तोंडपाठ झालं. आई गेल्यावर लग्नाचं नाव न काढता तिनंच घर ओढलं.

म्हातारपणी नालबंद माणसं विसरला, तिलासुद्धा. एका सकाळी ती त्याला मोजे घालायला बसली, तर त्यानं तिचंच पाऊल मांडीवर घेतलं. टाचेच्या भेगांवरून अंगठा फिरवत तो हळहळला, "ओझ्याचं तट्टू. मेल्यानं एक दिवस मोकळं सोडलेलं दिसत नाही. मालक कोण याचा?"

"तुम्हीच, बाबा," ती म्हणाली आणि त्याच्या पायात मोजा चढवू लागली.