अंकल नेमके कुणाकडचे?

ती तळ्यावरच्या बदकांशी इंग्रजीत भांडायची. निदान मला पहिल्यांदा तसंच वाटलं. आमच्या बिल्डिंगमागे एक तळं आहे. हिवाळा सरला की तिथे लांब मानेची करडी बदकं येऊन बसतात. सकाळी मी कणीक मळायला घेतली की खिडकीतून दिसायचं, गुडघ्यापर्यंत फुगीर कोट घातलेली एक बारकीशी चिनी मुलगी, एक हात खिशात, दुसरा हवेत, आणि तोंडाने मोठमोठ्यांदा इंग्रजी. बदकंही अधूनमधून उलट ओरडायची.

“ही कुणाशी भांडते गं?” यांनी विचारलं.

“जाऊन विचारा की.”

“नको बाबा. तिथे बदकांना उत्तर देता येत नाहीये, मी काय देणार?”

यांनी तिचं नाव लाउडस्पीकर ठेवलं, ते आमच्या घरात कायम राहिलं. तिचं खरं नाव मला आजही नीट उच्चारता येत नाही. तिच्या गावच्या क्लासने तिला एक इंग्रजी नाव दिलं होतं, पण ते तिलाच आवडायचं नाही. मी तिला “अगं” म्हणायचे. मला काय म्हणायचं असं तिने विचारलं, तेव्हा मी “ताई” सांगितलं. तो शब्द मात्र तिने असा उचलला की फोनवर कुणाला वाटावं, साताऱ्याहून बोलतेय.

आमची ओळख तळघरातल्या लाँड्रीत झाली. मशीन थांबायची वाट बघत मी उभी होते. ती सरळ माझ्यासमोर आली आणि इंग्रजीत काहीतरी लांबलचक बोलली. मी “यस” म्हटलं. न कळलेल्या प्रत्येक वाक्याला मी यस म्हणते, ही माझी इथली जुनी खोड. नणंदेने आमच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज केला, वर्षानुवर्षं वाट बघितली आणि पिकल्या केसांनी आम्ही अमेरिकेत, या ईडन प्रेरी गावात आलो. हे इंडियन ग्रोसरीच्या दुकानात कामाला जातात, मी घरी मराठी सॉफ्टवेअरवाल्यांच्या पोळ्यांच्या ऑर्डरी करते. शाळा माझी नववीतच सुटलेली. दारावर कुणी टकटक केली तरी वाटतं, झालं, आता इंग्रजी बोलावं लागणार. तर त्या “यस”चा अर्थ असा निघाला, की मी तिची परीक्षक व्हायला तयार झाले होते.

परीक्षा इंग्रजीची, आणि मोठी. वाचणं, ऐकणं, लिहिणं या तिन्हीत तिला उत्तम मार्क, पण बोलण्यात दोनदा गाडी अडकली होती. ती विद्यापीठात गणितात पीएचडी करत होती, राहायची मात्र आमच्या मजल्यावर, मावसबहिणीकडे. विद्यापीठाचा नियम असा, की बोलण्याचे ठरलेले मार्क नसतील तर मुलांना शिकवता येणार नाही. शिकवलं नाही तर फी माफ होणार नाही, आणि फी माफ झाली नाही तर परत घरी. उन्हाळ्यातली परीक्षा शेवटची, पुढे विद्यापीठ थांबणार नव्हतं. हे सगळं तिने मला वॉशिंग मशीनच्या घरघरीत, सोप्या शब्दांत, पुन्हापुन्हा, चेहऱ्यावरची रेघ न हलवता सांगितलं. घाबरून मीच मटकन बाकावर बसले.

“पण मला इंग्रजी येत नाही,” मी म्हटलं.

“तुम्ही रोज लिफ्टमध्ये सगळ्यांशी बोलता. मी ऐकते,” ती म्हणाली. “खूप चुका असतात. पण लोक थांबतात.”

आता याला कौतुक म्हणावं की अपमान? यांना सांगितलं तर हे दिवसभर हसत होते.

मग ती रोज सकाळी तळ्यावरून थेट माझ्या स्वयंपाकघरात यायची. तळ्यावरच्या मोठ्यांदा बोलण्याचं कोडं तिथेच सुटलं. त्यांच्या शाळेत वर्ग भरायच्या आधी सगळी मुलं थंडीत मैदानावर उभी राहून मोठ्याने वाचायची. “आवाज मोठा केला की लाज कमी होते,” असं तिचं म्हणणं. मला हे इतकं पटलं, की एकदा घरात कुणी नसताना मी फ्रिजसमोर उभी राहून “हाउ आर यू” ओरडून बघितलं. लाज काही कमी झाली नाही, पण बरं वाटलं.

ती पोळ्या लाटायलाही बसायची. तिचं लाटणं अजब. उजव्या हाताने लाटणं अर्ध्यापर्यंतच न्यायचं, डाव्या हाताने कणीक फिरवत राहायचं. कडा पातळ, मध्ये जाड.

“अगं, मध्ये जाड राहिली.”

“मध्ये जाडच पाहिजे. नाहीतर सारण बाहेर येईल.”

“यात सारण नाहीये बाई!”

“मग का लाटायची?” ती खरंच आश्चर्याने विचारायची. त्या जाड पोळ्या आमच्या घरी राहायच्या. हे त्यांना लाउडस्पीकर-पोळ्या म्हणायचे आणि दोन जास्त खायचे.

परीक्षक म्हणून माझं काम सोपं. तिच्या कार्डावरचा प्रश्न अडखळत वाचायचा आणि तिचं उत्तर ऐकायचं. उत्तर असं यायचं की नळ सोडावा. आवडती व्यक्ती? माय अंकल. ते वयस्कर होते, दयाळू होते, शेजाऱ्यांच्या सायकली फुकट दुरुस्त करायचे. आठवणीतला प्रवास? अंकलबरोबर डोंगरावर. कुणी दिलेली भेट? अंकलनी दिलेली सायकल. उशीर झाला तो प्रसंग? अंकलचा गुडघा दुखत होता म्हणून. मला त्या माणसाचा लळाच लागला. तिला न सांगता मी देवापुढे त्यांच्यासाठी हात जोडायला लागले. गुडघ्याला तिळाचं तेल कोमट करून लावायला सांग, असा निरोपही दिला. तिने मान डोलावली. लोणच्याची बरणीही पाठवणार होते, ती मात्र यांनी अडवली. “विमानातून जाईल का ती? आणि त्या बिचाऱ्यांना लोणचं झेपेल का, आधी विचार.”

म्हणून मी विचारायला बसले. त्यांना काय म्हणून निरोप पाठवायचा, हा माझा प्रश्न होता. अंकल म्हणजे नेमकं कोण?

“अंकल नेमके कुणाकडचे गं? आईचा भाऊ की वडिलांचा?”

ती थांबली. लाटणंही थांबलं.

“वडिलांचा असेल तर मोठा की धाकटा? की मावशीचा नवरा? आमच्यात सगळ्यांना वेगळी नावं आहेत. मामा वेगळा, काका वेगळा.”

“आमच्यातही,” ती अगदी हळू म्हणाली. “आमच्यातही प्रत्येकाला वेगळं.”

“मग हे कोण?”

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हा नळ बंद झालेला मी पाहिला. मला वाटलं, अंकल गेले बहुतेक, आणि मी भलतंच विचारून बसले. मी पदराला हात पुसून तिच्या पाठीवर हात ठेवला, तर ती हसत होती. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

अंकल नव्हतेच. तिच्या गावच्या क्लासमध्ये सरांनी सगळ्या वर्गाला मिळून एक गोष्ट लिहून दिली होती. कोणताही प्रश्न येवो, त्याला जोडता येईल अशी. सगळ्यांनी ती घोकली. त्या वर्गातली मुलं जगात जिथे जिथे परीक्षेला बसली, तिथे तिथे हे अंकल सायकली दुरुस्त करत फिरत होते. इंग्रजीत एका शब्दात काम भागतं, म्हणून ते कुणाकडचे हे ठरवायची गरज कुणालाच पडली नव्हती. मागच्या खेपेला परीक्षक बाईंनी विचारलं होतं, “तुझे अंकल हसतात कसे?” आणि तिथेच ही गप्प झाली होती.

मी देवापुढे हात जोडलेले आठवले आणि मलाही हसू आवरेना. संध्याकाळी यांना सांगितलं, तर हे गंभीरपणे म्हणाले, “बरं झालं, लोणचं वाचलं.”

मग मी एकच नियम केला. माझ्या स्वयंपाकघरात अंकल बंद, खरं तेवढं सांगायचं. ती म्हणाली, “खरं सांगायला मला वेळ लागतो. परीक्षेत वेळ नसतो.” मी म्हटलं, “इथे कणीक मुरेपर्यंत वेळ आहे.” सुरुवातीला ती नुसती बसून राहायची. मला तर गप्प बसलेल्या माणसाची धास्तीच वाटते, काहीतरी बोलून भरून काढावंसं वाटतं. पण ओठ घट्ट मिटून मी थांबायला शिकले. मग थोडं थोडं निघायला लागलं. वडील व्हिडिओ कॉल करतात तेव्हा फक्त त्यांचं कपाळ आणि वरचा पंखा दिसतो. फोन नीट धरा म्हटलं की म्हणतात, चेहरा काय बघायचाय, तू जेवलीस का ते सांग. कारखान्याच्या क्वार्टर्सच्या गच्चीवर ते कबुतरं पाळतात. ती निघाली त्या दिवशी स्टेशनवर एक शब्द बोलले नाहीत, तिची बॅग मात्र कुणाला उचलू दिली नाही. हे सांगताना तिचं इंग्रजी मोडायचं, मध्येच अडायचं, आणि मला सगळं कळायचं.

ती फार चौकस होती. एकदा पोळी उलटता उलटता तिने विचारलं, “ताई, शाळेतला तुमचा शेवटचा दिवस शेवटचा आहे, हे त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं?”

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. शाळा का सोडली, ते सगळे विचारतात. आई आजारी, धाकटी भावंडं, याचं उत्तर माझंही पाठच आहे. पण हे? मी विचार केला. नव्हतं माहीत. दुसऱ्या दिवशी चित्रकलेचा तास होता म्हणून मी बाकाखाली रंगपेटी ठेवून आले होते. ते मी तिला माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. तव्यावरची पोळी करपली. ऑर्डरीची होती, तरी दोघींपैकी कुणी उठलं नाही.

परीक्षेच्या दिवशी हे तिला गाडीने सोडायला गेले. परत येऊन म्हणाले, “आज लाउडस्पीकर बंद होता. वाटेत एक शब्द नाही.” माझा जीव टांगणीला लागला. गप्प राहायला मीच शिकवलं, त्यात हिचं वाटोळं झालं तर? निकाल लागेपर्यंत मला धड जेवण गेलं नाही. तिला मात्र जात होतं.

निकाल घेऊन ती लॅपटॉपसकट आली. माझे हात कणकेत. “किती पाहिजे होते?” मी विचारलं. “इतकेच,” ती म्हणाली. “एक कणभरही जास्त नाही.” परीक्षकाने विचारलं होतं, तुझ्या घरातला एखादा आवाज सांग. ती इतका वेळ गप्प राहिली, की त्यांनी प्रश्न पुन्हा वाचला. मग तिने पहाटे कबुतरांसाठी वडील शिट्टी वाजवतात, त्याबद्दल सांगितलं. मध्ये दोनदा चुकली, एकदा शिट्टीच वाजवून दाखवली. मी कणकेच्या हातांनीच तिला जवळ घेतलं. तिच्या काळ्या शर्टावर पाठीमागे माझे दोन्ही पंजे पांढरे उमटले.

उन्हाळा संपता संपता ती विद्यापीठाजवळ राहायला गेली. जाताना म्हणाली, “पहिल्या तासाला या.” मी म्हटलं, “अगं, मला गणितातलं काय कळणार?” ती म्हणाली, “कळायला नाही, बसायला या.”

दोन बस बदलून मी गेले. वर्गात मागच्या कोपऱ्यात बसले, पर्स मांडीवर घट्ट धरून. कुणी हटकलं तर लगेच उठता यावं. गोरी, काळी, सावळी पोरं, सगळ्यांचे लॅपटॉप उघडे. ती फळ्यापाशी उभी, नेहमीपेक्षाही बारीक दिसत होती. बोलायला लागली, जरा भरभरच. मग पुढच्या बाकावरच्या मुलीने हात वर करून काहीतरी विचारलं, आणि ती थांबली.

ती फळ्याकडे बघत होती. कुणीतरी खुर्ची सरकवली. आता ही काहीतरी पाठ केलेलं म्हणून मोकळी होईल असं मला वाटलं. पण ती तशीच उभी राहिली. मग वळून त्या मुलीला म्हणाली, “चांगला प्रश्न आहे. मला विचार करू दे.” आणि सगळ्या वर्गासमोर, खडू हातात धरून, विचार करत राहिली. पोरं थांबली. एक जणही हसला नाही. थोड्या वेळाने तिने फळ्यावर एक रेघ ओढली आणि बोलायला लागली, सावकाश.

माझी बस केव्हाच निघून गेली असणार. मी पर्स बाकावर ठेवली आणि तास सुटेपर्यंत बसून राहिले. नववीनंतर पहिल्यांदाच.