धावेचं माप

यात्रेच्या आदल्या दिवशी सकाळी माझ्या वडिलांनी केलेलं लाकडी चाक बाहेरून लोखंडी पट्टीची गोल धाव चढवताना फुटलं. जागा आमच्या घरासमोरची, पारनेर तालुक्यातलं गाव. मी केडगावहून आदल्या संध्याकाळीच आलो होतो.

वडील सुतार. चैत्रातल्या यात्रेत आमच्याकडे बारा गाड्या एकामागे एक जोडून ओढतात. सगळ्यांत पुढच्या गाडीची चाकं वडिलांची असत. बाकीच्या गाड्यांना टायर लागून बरीच वर्षं झाली होती. या वर्षी पुढच्या गाडीचं एक चाक वाळवीनं खाल्लं, तेव्हा यात्रा समितीनं तिलाही टायर लावायचं ठरवलं. वडिलांनी एक चाक करून देण्याची परवानगी मागितली.

अध्यक्ष म्हणाले, "करा आण्णा. पन टायरात हवा भरून ठेवतो. देव थांबंल, गाडी वढनारी पोरं न्हाई थांबायची."

"त्या पोरांचे बाप माज्याच चाकावर बसून नवरदेव झाले," वडील म्हणाले. बैठकीत हशा झाला.

बाभळीचं मुरलेलं लाकूड घरात होतं. अर्धांगाच्या झटक्यानंतर वडिलांचा डावा हात नीट चालत नव्हता. मधला तुंबा, आरे, बाहेरचे पाटे, सगळं त्यांनी तरीही स्वतः केलं. तासायला जिथे एक दिवस लागायचा तिथे आठवडा गेला. आईनं मदतीला माणूस बोलवायचं सुचवलं. ते तासत राहिले.

धाव लोहार करतो. ती चाकाच्या घेरापेक्षा थोडी कमी ठेवायची असते. तापवली की फुगते, चढते; पाणी ओतलं की आवळून लाकूड जखडते. आमच्याकडे रीत अशी, की सुतार चाक जमिनीवर एक फेरा फिरवून पुरं माप देतो आणि किती कमी करायचं ते लोहार ठरवतो. वडिलांचा जोडीदार लोहार वारला होता. त्याचा मुलगा गेट आणि ग्रिलचं वेल्डिंग करतो. त्याला हा अंदाज नसणार, असं धरून वडिलांनी माप कमी करूनच दिलं. तसं त्याला सांगितलं नाही.

गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल झाली. तरी ती सहज बसेना. घणानं ठोकून बसवावी लागली. पाणी ओतल्यावर वाफ निघाली आणि आतून आवाज आला. दोन आरे मोडले. मग तुंबा उभा चिरला.



"तू कमी केलंस का रं?" वडिलांनी लोहाराच्या मुलाला विचारलं.

"व्हय. आमचा बाप म्हनायचा, सुताराचं माप पुरं असतं, कमी आपन करायचं."

"बराबर सांगायचा," वडील म्हणाले. "मीबी केलं हुतं."

लोहाराचा मुलगा खाली बसला. "आण्णा, म्या इचाराय पायजे हुतं."

"तू कशाला इचारशील? तुज्या बापानं कदी इचारलं न्हाई."

अर्ध्या तासात अध्यक्ष आले. चाक बघून त्यांनी काय झालं ते विचारलं. लोहाराचा मुलगा बोलायला उठला. वडिलांनी त्याला हातानं खाली बसवलं.

"माप माजं चुकलं," ते म्हणाले. "टायर लावा."

अध्यक्षांनी फोन केला. दुपारी पुढच्या गाडीला टायर बसले. लोहाराचा मुलगा धाव कापून सोडवायला थांबला होता. वडिलांनी त्याला जेवून जायला सांगितलं. ते स्वतः जेवले नाहीत. आईनं ताट झाकून ठेवलं. संध्याकाळी ते तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी बारा गाड्या देवळापर्यंत ओढल्या गेल्या. वडील घरी होते.

यात्रेनंतर समितीची बैठक देवळात झाली. पुढच्या गाडीला कायम टायर ठेवावेत, असा ठराव मांडला गेला. वडील मागे, खांबाजवळ बसले होते. ठराव एकमतानं मंजूर झाला. हात वर करणाऱ्यांत वडील होते.