रिकामा डोळा

"थांबा जरा. डोळा रिकामा होऊ द्या," असं म्हणून मामा मांडवाकडे पाठ करायचे आणि चुन्याच्या कोऱ्या भिंतीकडे बघत उभे राहायचे. पाहुणे ताटकळलेले, चूल पेटलेली, आणि आमचे आचारी भिंत बघतायत! मग वळून मांडवावर एकदाच नजर फिरवायचे. "साडेतीनशे पानं. टाका तांदूळ." तुम्ही डोकी मोजली असती तरी पाच-दहाचाच फरक निघाला असता.

मी मांडववाला. सेलूच्या आसपास आम्ही कितीतरी लग्नं जोडीनं उरकली. भिंतीचं हे वेड मामांना आधी नव्हतं. ते बोरीच्या लग्नानंतर लागलं.

त्या दिवशी मामा मानवतच्या हजारोंच्या लग्नातून थेट बोरीला आले. मांडवात डोकावले नि म्हणाले, "दोनशे. इतकीच तर माणसं हायत." होती तीनशेच्या वर. वऱ्हाड जेवलं आणि मुलीकडच्यांच्या पंगतीला भात संपला. दुसरा शिजेपर्यंत निम्मी माणसं उठून गेली. नवरीचा बाप रिकाम्या पत्रावळ्यांपुढे हात जोडून उभा होता. मला बघवेना हो.

"लय माणसं बघून आलो, म्हणून ही थोडी दिसली," परतताना मामा म्हणाले.

"होतं मामा असं."

"पोरीच्या बापाला सांग जाऊन!" ते खेकसले.

तेव्हापासून शेवटची पंगत उठल्याशिवाय त्यांनी कुठल्याच लग्नात घास घेतला नाही. मी चिडवायचो, "आचारीच उपाशी मरायलाय बघा." आता ते आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. तेरवीला मी एका मोठ्या सभेच्या मांडवातून थेट पोचलो. मामी चुलीपाशी होत्या. "भाऊ, तांदूळ किती टाकू? लय थोडी माणसं आलीत का? बोरीचं अजून धरून बसलेत का लोक?"

अंगणात बघितलं. फार तर शंभर. जन्मभर लोकांना जेवू घातलं, आणि इतकीच माणसं? आकडा ओठावर आला आणि मी थबकलो. मीही गर्दीतूनच आलो होतो की.

अंगणाकडे पाठ केली. भिंतीकडे बघत राहिलो. डोळे भरून आले, ते पुसले, पुन्हा बघत राहिलो. मग वळलो.

"मामी, दोनशेच्या वर हायत. अंगण भरलंय."

पहिल्याच पंगतीत बोरीचा तो बाप बसला होता, भावकीला घेऊन.

भात पुरला. मामींनी माझ्यासाठी पान मांडलं. "बसा की आता तुमी."

"शेवटची पंगत उठू द्या," मी म्हणालो.